एसआरटीएमच्या नकाशात खड्डे, पट्टे आणि बुटकी शिखरं: तपासणी कुठून सुरू करायची

एसआरटीएमच्या, म्हणजे अवकाशातून रडारने मोजलेल्या उंच्यांच्या, डेटावरून गडांचे, घाटवाटांचे नकाशे घरच्या कॉम्प्युटरवर बनवणारे बरेच जण माझ्याकडे बिघडलेल्या फाईली पाठवतात. त्यातले दोष ठरलेले असतात. रडारचा डेटा खराब आहे असं म्हणून लोक येतात आणि दहापैकी आठ वेळा गडबड फाईलच्या नावात, प्रोजेक्शनमध्ये (गोल पृथ्वी सपाट नकाशावर आणायच्या पद्धतीत) नाहीतर एखाद्या न भरलेल्या रकान्यात निघते. उरलेल्या दोन वेळा दोष खरोखर रडारचा असतो, आणि तिथे कुठलंही सेटिंग उपयोगाला येत नाही. म्हणून खालचा क्रम पाळा. सोपं आणि फुकटचं आधी, डोकेफोडीचं शेवटी. मी क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर धरून लिहितोय, पण दुसरं सॉफ्टवेअर असलं तरी गोष्टी त्याच.

लक्षणं

– फाईल उघडतच नाही, किंवा उघडते पण पुण्याची उंची १२ हजार मीटर दाखवते.
– सगळा नकाशा एकाच रंगाचा. लेजंडमध्ये किमान उंची उणे ३२७६८.
– हिलशेड (उजेड-सावलीने डोंगर उठवून दाखवणारा नकाशा) काळंकुट्ट, आणि उताराच्या नकाशात वावरसुद्धा ८९ अंशांचं.
– डोंगरांवर चटईच्या विणीसारखी चौकडी.
– दऱ्या डोंगर दिसतात आणि डोंगर दऱ्या.
– नकाशाच्या मधोमध सरळ रेघ, तिच्याशी कॉन्टूर (समान उंचीच्या रेषा) तुटतात.
– सगळ्याच उंच्या साठ-सत्तर मीटरनी कमी.
– कॉन्टूर सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या नकाशांवर, म्हणजे टोपोशीटवर, बसत नाहीत.
– सपाट भागात कॉन्टूरची वेडीवाकडी बेटं.
– कडा घसरगुंडीसारखा, सुळका गायब, शिखर बुटकं.

आधी डेटाबद्दल थोडं, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. ११ फेब्रुवारी २००० ला एंडेव्हर हे स्पेस शटल अवकाशात गेलं आणि ११ दिवसांत त्याने ६० अंश उत्तर ते ५६ अंश दक्षिण या पट्ट्यातली जमीन रडारने टिपली. एक अँटेना शटलच्या पोटात, दुसरी ६० मीटर लांबीच्या दांड्याच्या टोकाला. एकाच जागेवरून परतलेली लहर दोन्हीकडे किंचित वेगळ्या वेळी पोचते आणि त्या फरकावरून उंची काढतात. आपण वापरतो तो डेटा ५.६ सेंटिमीटर तरंगलांबीच्या सी-बँड रडारचा. एक आर्क-सेकंदाचा (अंशाच्या ३६०० व्या भागाचा), म्हणजे दर सुमारे ३० मीटरवर एक उंची देणारा डेटा सुरुवातीला फक्त अमेरिकेपुरता खुला होता. बाकीच्या जगाला ९० मीटरवर भागवावं लागायचं. २०१४ च्या सप्टेंबरात तो जगासाठी खुला करायचं जाहीर झालं आणि टप्प्याटप्प्याने आला. ही तारीख लक्षात ठेवा, कारण नेटवर आजही जुन्या ९० मीटरच्या फाईली ‘एसआरटीएम’ या एकाच नावाने फिरत असतात.

१. फाईलचा आकार आणि नाव बघा

याला पैसा लागत नाही, मिनिटही लागत नाही. ३० मीटरच्या एचजीटी फाईलमध्ये (एसआरटीएमच्या फाईली याच प्रकारात मिळतात) ३६०१ गुणिले ३६०१ ठिपके असतात आणि प्रत्येकाला दोन बाइट लागतात, म्हणून आकार बरोबर २,५९,३४,४०२ बाइट हवा. ९० मीटरच्या फाईलमध्ये १२०१ गुणिले १२०१, म्हणजे २८,८४,८०२ बाइट. झिप असेल तर आधी सोडवा, मग मोजा. आकार फक्त काही किलोबाइट भरला तर तो डेटाच नव्हे. लॉगिन न करता डाउनलोड केलंत आणि फाईलच्या नावाखाली लॉगिनचं पान उतरवून घेतलंत. नासाच्या अर्थडेटाचं खातं फुकट आहे, ते उघडा आणि पुन्हा उतरवा.

आता नाव. या फाईलच्या पोटात ती कुठली आहे हे लिहिलेलं नसतं. ते फक्त नावात असतं. एन १८ ई ०७३ म्हणजे जिचा नैर्ऋत्य कोपरा १८ अंश उत्तर, ७३ अंश पूर्व इथे आहे ती चौकट. पुणे, सिंहगड, तोरणा, रायगड सगळे हिच्यात. कळसूबाई आणि हरिश्चंद्रगड वरच्या एन १९ ई ०७३ मध्ये. तुम्ही हौसेने फाईलचं नाव ‘रायगड’ ठेवलंत, किंवा दुसऱ्यांदा उतरवल्यावर ब्राउझरने मागे कंसात १ चिकटवला, की सॉफ्टवेअर ती ओळखत नाही. मूळ नाव परत द्या, उघडेल.

मग काही जण ती ‘रॉ’ फाईल म्हणून जबरदस्तीने उघडतात आणि पुण्याची उंची १२ हजार येते. हे असं होतं: ५६० मीटर ही उंची दोन बाइटांत २ आणि ४८ अशी लिहिलेली असते, मोठा बाइट आधी. सॉफ्टवेअरने ती उलटी वाचली की ४८ गुणिले २५६ अधिक २, म्हणजे १२,२९०. रॉ उघडणं अगदीच भाग असेल तर बाइटांचा क्रम ‘बिग एंडियन’ निवडा. पण भाग पडू नये.

२. नोडेटा भरलाय का?

रडारला जिथे उंची मिळाली नाही तिथे उणे ३२७६८ लिहिलेलं असतं. हा आकडा उंची नाही, ‘माहीत नाही’ असा शेरा आहे. सॉफ्टवेअरला ते सांगितलं नाही तर ते बिचारं रंगपट्टी उणे ३२ हजारांपासून सुरू करतं, आणि शून्य ते १६४६ मीटरचा अख्खा महाराष्ट्र त्या पट्टीच्या टोकाला एकाच छटेत बसतो. लेयरच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘ट्रान्सपरन्सी’त नोडेटाचा रकाना असतो, त्यात उणे ३२७६८ टाका. कॉन्टूर त्यानंतरच काढा. आधी काढलेत तर प्रत्येक रिकाम्या जागेभोवती शेकडो रेषांची काळी विहीर तयार होईल.

नव्या आवृत्तीत, म्हणजे तिसऱ्या, या रिकाम्या जागा दुसऱ्या डेटाने बुजवलेल्या आहेत, त्यामुळे हा त्रास मुख्यतः जुन्या फाईलींचा. बुजवण्याचे स्वतःचे प्रताप आहेत, ते पुढे येतील.

३. अंश आणि मीटर

काळंकुट्ट हिलशेड आणि ८९ अंशांचे उतार यांचं कारण जवळजवळ नेहमी हेच. फाईलमध्ये आडवं अंतर अंशांत आहे आणि उंची मीटरमध्ये. सॉफ्टवेअरला वाटतं, शेजारच्या ठिपक्याचं अंतर ०.०००२८ आणि तेवढ्यात चढ ५ मीटर. मग प्रत्येक बांध कोकणकडा होतो. काही नवी साधनं हे स्वतःच ओळखतात, पण त्यांच्या भरवशावर राहू नका.

घाईचा उपाय: हिलशेड करताना स्केलच्या जागी ११११२० टाका. खरा उपाय: आधी सगळा रास्टर, म्हणजे उंच्यांच्या ठिपक्यांची ही जाळी, यूटीएम या मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रोजेक्शनमध्ये न्या. ७२ ते ७८ अंश पूर्व या पट्ट्यासाठी झोन ४३ उत्तर, सॉफ्टवेअरमधला त्याचा कोड ईपीएसजी ३२६४३. महाराष्ट्राचा बराचसा भाग यात येतो. नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीवाल्यांनी झोन ४४, म्हणजे ३२६४४ घ्यायचा.

बरोबर झालं का ते बघायला मी लोणार वापरतो, एन १९ ई ०७६. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर, म्हणजे ३० मीटरच्या डेटात साधारण ६० ठिपके आणि ९० मीटरच्या डेटात जेमतेम २०. अंशांतला रास्टर तसाच पडद्यावर टाकला तर विवर पूर्व-पश्चिम सहा टक्के ताणलेलं दिसतं, कारण २० अंश अक्षांशावर रेखांशाचा एक अंश तेवढा आखूड असतो आणि पडदा तो पूर्ण लांबीचा धरतो. यूटीएममध्ये नेल्यावर ते जवळपास गोल होतं. काठ उठून दिसतो आणि आत सरोवराची सपाट थाळी. लोणार नीट दिसलं तर तुमच्या पहिल्या तीन पायऱ्या पक्क्या. काठ ठोकळ्याठोकळ्यांचा दिसला तर तुमच्या हातात अजून ९० मीटरचीच फाईल आहे, पुन्हा पहिल्या मुद्द्यावर जा.

दऱ्या डोंगर दिसत असतील तर डेटात काही बिघडलेलं नाही. हिलशेडचा प्रकाश खालून, दक्षिणेकडून येतोय. ॲझिमथ (प्रकाशाची दिशा) ३१५ करा, म्हणजे वायव्येकडून. आपल्या डोळ्यांना वरून पडणाऱ्या उजेडाची सवय असते, एवढंच.

४. चटईची वीण

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि रडारला सगळ्यात जास्त शिव्याही यावरूनच पडतात. यूटीएममध्ये नेताना सॉफ्टवेअर नव्या चौकटीतल्या प्रत्येक ठिपक्यासाठी जुन्यातून उंची उचलतं. ‘नियरेस्ट नेबर’ ठेवलं, आणि बहुतेक ठिकाणी तेच आधीपासून निवडलेलं असतं, तर जवळचा ठिपका जसाच्या तसा उचलला जातो. दोन चौकटी एकमेकींशी जुळत नसल्याने ठराविक अंतराने एखादी ओळ दोनदा येते किंवा एक गळते. साध्या रंगीत नकाशात हे कळत नाही. हिलशेड मात्र शेजारच्या ठिपक्यांमधल्या फरकावरच जगतं, त्यामुळे तिथे प्रत्येक दुबार ओळ पट्टा होऊन उमटते.

हिलशेड पुसट करून किंवा वर ब्लर मारून हे झाकू नका. मागे जा, मूळ फाईल घ्या, रीप्रोजेक्ट करताना, म्हणजे यूटीएममध्ये नेताना, रीसॅम्पलिंगला (उंची उचलायच्या पद्धतीला) ‘बायलिनियर’ किंवा ‘क्यूबिक’ निवडा आणि मग हिलशेड काढा. पडद्यावर झूम केल्यावरच वीण दिसत असेल तर लेयरच्या सिम्बॉलॉजीतलं झूमचं रीसॅम्पलिंगसुद्धा बायलिनियर करा.

त्यानंतरही अगदी सपाट प्रदेशात, कित्येक किलोमीटर रुंदीचे, दोन-चार मीटरचे तिरके पट्टे उरले, तर ते खरे रडारचे आहेत. ६० मीटरचा तो दांडा अवकाशात थोडा हलत होता, त्याचा हा माग. सह्याद्रीत ते दिसणार नाहीत, गोदावरीच्या खोऱ्यात रंगपट्टी फार ताणली तर कदाचित दिसतील.

५. मधली रेघ

परळच्या आसपास १९ अंशांची रेषा जाते, म्हणून मुंबईचा नकाशा करणाऱ्याला दोन फाईली लागतातच. पुण्याच्या पूर्वेला लोणी काळभोरजवळ ७४ अंश लागतो. शेजारच्या फाईलींची कडेची ओळ सामाईक असते. आधी सगळ्या फाईली जोडा, मग रीप्रोजेक्ट करा, मग कॉन्टूर. उलट क्रमाने केलंत तर सांधा उसवतो. जोडायच्या फाईली एकाच आवृत्तीच्या आहेत का तेही बघा.

६. सगळीकडे साठ-सत्तर मीटर कमी

एसआरटीएमची उंची ईजीएम ९६ या जिऑइडपासून, म्हणजे ढोबळ मानाने समुद्रसपाटीपासून मोजलेली असते. काही डेटा मात्र डब्ल्यूजीएस ८४ च्या इलिप्सॉइडपासून, म्हणजे पृथ्वीच्या गणिताने ठरवलेल्या गुळगुळीत आकारापासून, उंची देतात. इस्रोच्या भुवन संकेतस्थळावर फुकट मिळणारा कार्टोडेम हा उंचीचा डेटा त्यातलाच. जीपीएसही मुळात तीच उंची मोजतं, फक्त बरीच उपकरणं ती आतल्या आत बदलून दाखवतात. भारताच्या दक्षिणेला हिंदी महासागरात जिऑइडचा जगातला सर्वांत खोल खळगा आहे, त्यामुळे आपल्याकडे जिऑइड इलिप्सॉइडच्या बराच खाली असतो. मुंबई-पुणे पट्ट्यात हा फरक साधारण ६० ते ७० मीटर.

ओळखायची खूण सोपी: किनाऱ्यावर जाऊन बघा. समुद्र शून्याच्या आसपास असेल तर ठीक. अलिबागचा किनारा उणे ६५ दाखवत असेल तर उंची इलिप्सॉइडपासूनची आहे. जिऑइडची फाईल घेऊन रूपांतर करा. सरसकट ६५ मिळवून भागवू नका, कारण हा फरक जागेनुसार बदलतो.

७. टोपोशीटवर बसत नाही

जुनी टोपोशीट एव्हरेस्ट इलिप्सॉइडवर आहेत, एसआरटीएम डब्ल्यूजीएस ८४ वर. टोपोशीट जिओरेफरन्स करताना, म्हणजे स्कॅन केलेला नकाशा खऱ्या अक्षांश-रेखांशांवर बसवताना, डब्ल्यूजीएस ८४ निवडलंत तर पश्चिम महाराष्ट्रात शंभर मीटरांहून जास्त सरक येते. ती साऱ्या नकाशावर एकाच दिशेला, सारखीच येते, ही तिची ओळख. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर निघालेली ओपन सीरिज टोपोशीट डब्ल्यूजीएस ८४ वरच आहेत, तिथे हा प्रश्न नाही. सरक एका कोपऱ्यात जास्त आणि दुसऱ्यात कमी असेल तर तुमचे जिओरेफरन्सचे बिंदू चुकलेत, रडारला बोल लावू नका.

८. कॉन्टूरची बेटं

इथे सेटिंग कमी आणि हाव जास्त असते. एसआरटीएममध्ये उंची पूर्ण मीटरमध्ये असते, अपूर्णांक नाही. मोहिमेचं ठरवलेलं उद्दिष्ट होतं की ९० टक्के ठिकाणी चूक १६ मीटरांच्या आत असावी. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी ती १० मीटरांच्याही आत निघाली, आणि शेजारच्या ठिपक्यांमधली चूक त्याहून कमी असते. तरीही पाच मीटरचे कॉन्टूर मागाल तर शेतांमधून तुम्हाला जमिनीचा नव्हे, रडारच्या खरखरीचा नकाशा मिळेल. सर्व्हे ऑफ इंडियाच्या १:५०,००० टोपोशीटवर कॉन्टूर २० मीटरचे असतात. तुम्हीही २० घ्या. डोंगराळ भागात फार तर १०.

रेषा बोचऱ्या येत असतील तर रेषा गुळगुळीत करू नका, त्या एकमेकींना छेदू लागतात. आधी रास्टरवर शेजारच्या उंच्यांची सरासरी काढणारा हलका गॉसियन फिल्टर फिरवा, मग कॉन्टूर काढा. आणि शिखरांच्या उंच्या फिल्टर मारलेल्या रास्टरवरून कधीही वाचू नका.

९. इथून पुढे दोष रडारचा

वरचं सगळं करूनही तैलबैलाच्या दोन उभ्या भिंती एक जाडसर उंचवटा दिसतात, लिंगाणा नुसता टेंगूळ होतो, आणि कळसूबाई १६४६ पेक्षा कमी भरते. ३० मीटरच्या चौकोनाला एकच उंची मिळते, आणि टोकदार माथ्याच्या चौकोनात माथा थोडा नि उतार फार. शिखराची उंची हवी असेल तर टोपोशीटवरचा आकडा हाताने टाका. नकाशावाले तेच करतात, त्यात फसवणूक नाही.

कड्यांचं दुखणं वेगळं. रडार सरळ खाली बघत नाही, तिरकं बघतं. त्याच्याकडे तोंड केलेल्या उभ्या कड्याच्या माथ्यावरची लहर पायथ्याच्या लहरीआधी किंवा बरोबरच परत येते आणि दोन्हींची सरमिसळ होते. पाठ केलेल्या कड्यामागे सावली पडते, तिथून काहीच परतत नाही. तिसऱ्या आवृत्तीत अशा जागा मुख्यतः ॲस्टर उपग्रहाच्या छायाचित्रांवरून काढलेल्या उंचीने बुजवल्यात. म्हणजे हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यासारख्या ठिकाणी तुम्ही पाहताय ते रडारचं मोजमाप असेलच असं नाही. कुठला ठिपका कुठून आला हे सांगणारी एक सोबतची फाईल नासा देते, नावात शेवटी ‘एन’ असलेली. कड्यांवर काम करणाऱ्यांनी ती एकदा तरी उघडून बघावी. फार थोडे जण बघतात.

झाडी: ५.६ सेंटिमीटरची लहर दाट पानोऱ्यातून पूर्ण खाली पोचत नाही. उंची जमीन आणि शेंडा यांच्या मधली कुठलीतरी येते. खाडीकाठची खारफुटी म्हणूनच भरतीरेषेच्या बरीच वर दिसते, आणि मुंबईत उंच इमारतींचा भाग टेकडीसारखा. पाणी: जलाशय एका पातळीवर सपाट केलेले आहेत. कोयना धरणाच्या शिवसागराखाली गेलेली गावं दिसतील का, असं दर पावसाळ्यानंतर कुणीतरी विचारतं. नाही दिसणार, रडार पाण्यात शिरत नाही. धरणापूर्वीचं टोपोशीट शोधा. आणि तारीख: हा सगळा फेब्रुवारी २००० चा भूभाग आहे. त्यानंतर खाणीने खाल्लेली टेकडी यात शाबूत असते.

१०. ताळा करून बघा

खरं काय ते ठरत नसेल तर कोपर्निकसचा ३० मीटरचा डेटा उतरवा. तोही फुकट आहे. तो जर्मन टॅनडेम-एक्स रडार उपग्रहांच्या २०११ ते २०१५ मधल्या मोजमापांवरून केलाय आणि त्यात उंची अपूर्णांकांत असते. दोन्ही रास्टर एकाच चौकटीत आणून वजाबाकी करा. फरक सगळीकडे सारखा असेल तर सहाव्या मुद्द्यावर परत. फरक उताराच्या एका बाजूला अधिक आणि दुसऱ्या बाजूला उणे असेल तर एक रास्टर सरकलेला आहे. फक्त कड्यांवर असेल तर तो रडारचा, सोडून द्या. एखाद्याच ठिकाणी मोठा आणि स्पष्ट कडांचा असेल तर बहुधा तिथली जमीनच मधल्या काळात बदलली आहे. छंद म्हणून मला हे शेवटचं सगळ्यात आवडतं. नव्या खाणी, भराव, राखेचे ढीग असेच सापडतात. नवा नकाशा काढायचा असेल तर आज मी सुरुवात कोपर्निकसनेच करतो. एसआरटीएम २००० सालची जमीन बघायला ठेवतो.

कुठे थांबायचं

शेताची हद्द, बांध, वाटणी: यात ३० मीटरचा ठिपका काही सांगू शकत नाही, पाच गुंठ्यांचा तुकडा त्याच्या एका चौकोनात सहज मावतो. भूमी अभिलेख खात्याकडे मोजणीचा अर्ज करा.

शेततळं, चर, पाइपलाइनचा उतार, घराचं जोतं: इथे प्रश्न सेंटिमीटरचा असतो आणि आपली चूक मीटरमध्ये. टोटल स्टेशन किंवा डीजीपीएस असलेला सर्व्हेअर बोलवा. नदीकाठच्या प्लॉटला पूर येईल का, हेही एसआरटीएमवरून कुणाला सांगू नका. जलसंपदा विभागाची निळी आणि लाल पूररेषा बघा.

आणि दरडी. माळीण ३० जुलै २०१४ ला गेलं, इर्शाळवाडी जुलै २०२३ मध्ये. अशा घटनेनंतर उताराचे रंगीत नकाशे मोबाइलवर फिरू लागतात, आणि आमची वाडी लाल रंगात आहे, काय करू, असे फोन येतात. उतार हे एकच कारण नसतं. मातीची जाडी, खडकातल्या भेगा, पाण्याची वाट, वरती झालेलं सपाटीकरण, यातलं काहीही या डेटात नाही. घरामागे जमिनीला नवी भेग पडली असेल, झाडं किंवा विजेचे खांब कलू लागले असतील, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ झालं असेल, तर कॉम्प्युटर बंद करा, माणसं तिथून हलवा आणि तहसील कार्यालयाला कळवा. पाहणी भूवैज्ञानिक करतील. हिरव्या रंगातल्या वाडीलाही हेच लागू.